कर्ता नसलेली वाक्ये : चाउशेस्कुकालीन रोमानियातील दैनंदिन जीवन, भाषा आणि सत्ता

प्रास्ताविक



भाषा आणि समाज यांचा संबंध तपासताना आपण आतापर्यंत प्रमाणभाषा आणि बोली, स्त्रियांची भाषा, व्यवसायांच्या परिभाषा अशा विषयांचा परिचय करून घेतला. या सर्व ठिकाणी भाषा बदलत होती ती माणसांच्या परस्परव्यवहारातून. कोणी फर्मान काढले म्हणून नव्हे. प्रस्तुत लेखात एका निराळ्या परिस्थितीचा विचार करावयाचा आहे. राज्यसत्ता जेव्हा अन्न, घर, नोकरी, वर्तमानपत्र आणि स्त्रीचे गर्भाशय या साऱ्यांवर एकाच वेळी ताबा ठेवू पाहते, तेव्हा त्या राज्यातील माणसे एकमेकांशी कशी बोलतात? काय बोलत नाहीत? आणि जे बोलत नाहीत, ते कोठे जाते?

आपल्यापैकी जे पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांना मॉस्कोहून येणारी स्वस्त, देखण्या चित्रांची मराठी पुस्तके आठवत असतील. माझे बालपण त्या पुस्तकांवर पोसले गेले. अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या रशियाच्या प्रवासाविषयी जे लिहिले, त्यातून कष्टकऱ्यांच्या राज्याचे एक चित्र मराठी वाचकांच्या मनात उमटले. त्या चित्रामागील समतेची ओढ खोटी होती, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परंतु स्वप्न आणि राजवट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. राजवटीचा अभ्यास करायचा तर तिच्या जाहीरनाम्यापेक्षा तिच्या राज्यातील किराणा दुकानासमोरची रांग अधिक उपयोगी पडते.

त्यासाठी आपण एकच देश आणि एकच कालखंड निवडू : 1965 ते 1989 या काळातील रोमानिया. डिसेंबर 1947 मध्ये राजा मिहाय याला पदत्याग करावा लागला आणि देश पूर्णतः साम्यवादी पक्षाच्या हाती गेला. 1965 मध्ये निकोलाय चाउशेस्कु पक्षाचा प्रमुख झाला. 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, तेव्हा त्याने त्या आक्रमणाचा उघड निषेध केला आणि तो खरोखरच लोकप्रिय झाला. ही गोष्ट विसरता कामा नये. हुकूमशहांच्या पहिल्या काही वर्षांत टाळ्या पुष्कळदा मनापासूनच पडतात. 1971 मध्ये चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून तो परतला, आणि त्यानंतर देशातील वाङ्मय, शिक्षण व वृत्तपत्रे यांच्यावरील पकड पुन्हा आवळली गेली. 1974 पासून तो राष्ट्राध्यक्षही झाला. त्याची पत्नी एलेना हीदेखील सत्तेत भागीदार होती.

पाटीचा अर्थ

रोमानियाकडे वळण्यापूर्वी त्याच गटातील दुसऱ्या एका देशात क्षणभर डोकावू. चेक नाटककार वाक्लाव हावेल याने 1978 मध्ये लिहिलेल्या, सत्ताहीनांच्या सत्तेविषयीच्या निबंधात एक काल्पनिक भाजीविक्रेता येतो. तो आपल्या दुकानाच्या काचेत, कांदे आणि गाजरे यांच्यामध्ये, जगातील कामगारांना एकत्र येण्याचे आवाहन करणारी पाटी लावतो. त्याला कामगारांच्या ऐक्याविषयी काही म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. पाटी कांद्यांबरोबरच वरून आली, इतरही लावतात, न लावल्यास त्रास होईल, म्हणून त्याने ती लावली.

काव्यशास्त्रात आपण शिकलेल्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती येथे आठवा. पाटीचा वाच्यार्थ कामगारांच्या ऐक्याचा आहे. परंतु तो कोणी वाचतच नाही. पाटीचा व्यंग्यार्थ मात्र प्रत्येकाला पोहोचतो : ‘मी आज्ञाधारक आहे, मला सुखाने जगू द्या.’ हावेलचे मार्मिक निरीक्षण असे की, काचेत हाच अर्थ सरळ शब्दांत लिहायला सांगितला असता, तर विक्रेत्याला लाज वाटली असती. उदात्त वाच्यार्थ त्याची लाज झाकतो, आणि सत्तेचा पायाही झाकतो. आपले आलंकारिक व्यंजनेला काव्याचा आत्मा मानतात. येथे तीच व्यंजना आज्ञापालनाचे साधन झालेली दिसते.

अशा पाट्यांच्या भाषेला पुढे ‘लाकडी भाषा’ असे नाव पडले. हा शब्दप्रयोग मूळ फ्रेंच वळणाचा. रोमानियन भाषेत त्याचे रूप ‘लिंबा दे लेम्न’ असे होते. पक्षाचे मुखपत्र ‘स्किंतेया’ (अर्थ : ठिणगी) याच भाषेत निघत असे. वर्तमानपत्राचे नाव ठिणगी आणि भाषा लाकडी, ही योगायोगाची विनोदी जोडी. या भाषेचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. त्या काळातील अधिकृत ध्येय होते ‘बहुअंगी विकसित समाजवादी समाजाची उभारणी’. या पदसमूहात क्रियापद नाही. ‘उभारणे’ या क्रियेचे ‘उभारणी’ असे नाम केले की तीन गोष्टी एकाच वेळी नाहीशा होतात : कर्ता, काळ आणि नकार. कोण उभारतो? कधी पुरे होणार? झाले नाही तर? हे प्रश्न विचारायला व्याकरणातच जागा उरत नाही. विशेषणे जोडीने येतात, तुलनेची रूपे सतत वर चढणारी असतात, आणि बोलणारा नेहमी ‘आपण’ असतो, ‘मी’ कधीच नसतो. या भाषेत हजार पानांचा अहवाल लिहिता येतो. परंतु ‘आज दुकानात लोणी नाही’ हे चार शब्दांचे वाक्य तिच्यात रचता येत नाही.

आपल्याकडील शासकीय परिपत्रकांतील ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ हे वाक्य तुम्हाला आठवले असेल. तेही याच कुळातले आहे, हे मान्य करायला हवे. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, की त्या परिपत्रकाची टिंगल करणारा लेख तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला पाठवू शकता.

रांगेतील क्रियापदे

आता लोणी का नव्हते ते पाहू. रोमानियाने 1970 च्या दशकात अवजड उद्योगांसाठी परदेशांतून मोठी कर्जे घेतली. 1981 च्या सुमारास हे कर्ज सुमारे 10 अब्ज डॉलरवर गेले. ते मुदतीआधीच पूर्ण फेडायचे, असा निर्णय चाउशेस्कुने घेतला. त्यासाठी देशात पिकणारे आणि बनणारे जे जे परदेशी विकता येईल ते विकले जाऊ लागले. 1989 च्या एप्रिलमध्ये कर्ज फिटल्याची घोषणा झालीही. मधली आठ वर्षे मात्र लोकांनी मांस, दूध, अंडी, साखर, तेल, वीज आणि उष्णता यांच्यावाचून काढली.

ऑक्टोबर 1981 मध्ये एक फर्मान निघाले. घरातील माणसांच्या एका महिन्याच्या गरजेपेक्षा अधिक तेल, साखर, पीठ, तांदूळ किंवा कॉफी साठवणे हा गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे कैद. पुढच्या वर्षी ‘शास्त्रीय आहारा’चा कार्यक्रम जाहीर झाला. रोमानियन माणूस गरजेपेक्षा जास्त खातो, म्हणून आरोग्यासाठी त्याने कमी खावे, असा त्याचा आशय होता. टंचाईला पथ्य म्हटले की उपासमार नाहीशी होत नाही, पण तक्रार मात्र अडाणीपणाची ठरते.

लोकांच्या बोलण्यात याचे काय झाले? ‘विकत घेणे’ हे क्रियापद रोजच्या व्यवहारातून हळूहळू मागे हटले. तेल ‘घेतले’ असे कोणी म्हणेना. ‘सापडले’, ‘मिळवले’ असे म्हणू लागले. पैसा होता, वस्तू नव्हती. म्हणून पैशाशी जोडलेले क्रियापद निरुपयोगी झाले. रोमानियन भाषेत रांगेला ‘कोआदा’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ शेपूट. मारुतीच्या शेपटासारखी लांबलेली रांग रस्त्यात दिसली की माणूस आधी तिच्या टोकाला उभा राही आणि मग पुढच्याला विचारी : ‘चे से दा?’ अर्थ : ‘काय दिले जात आहे?’

या दोन-तीन शब्दांच्या प्रश्नाकडे भाषाभ्यासकाच्या नजरेने पाहा. ‘काय विकता?’ असा तो प्रश्न नाही. विकणारा आणि घेणारा हे सौद्यातील दोन समान पक्ष असतात; घेणाऱ्याला घासाघीस करण्याचा, नाक मुरडून पुढे जाण्याचा हक्क असतो. ‘दिले जात आहे’ म्हटल्यावर तो हक्क संपतो. शिवाय रचना कर्मणी आहे, कर्ता अनुक्त आहे. देणारा कोण? दुकानदारीण नव्हे, तिच्या हाती काहीच नाही. देणारा इतका मोठा आणि इतका अदृश्य आहे की त्याचे नाव घेण्याची गरजही नाही आणि सोयही नाही. आपल्याकडे रेशनच्या दुकानासमोर ‘आज साखर मिळणार आहे’ असे म्हणतात, तेव्हा अशाच रचनेचा अनुभव येतो. परंतु आपल्याकडे रेशनच्या दुकानाशेजारी वाण्याचे दुकान होते. तेथे नव्हते. लाकडी भाषेने वरून कर्ता काढून टाकला होता. रांगेतील माणसाने तो खालूनही काढून टाकला.

मात्र रांगेने भाषेला केवळ गरीब केले, असे म्हणता येणार नाही. खऱ्या कॉफीच्या जागी ओट, हरभरा वगैरे धान्ये मिसळलेली जी भुकटी मिळे, तिला लोकांनी ‘नेकेझोल’ असे नाव दिले. ‘खिंकाळणे’ या अर्थाच्या क्रियापदाला औषधाच्या नावाला शोभेल असा प्रत्यय लावून हा शब्द बनला आहे : घोड्याचे खाणे पिऊन माणूस खिंकाळू लागेल, असा टोमणा त्यात आहे. मांसाच्या दुकानात डुकराचे फक्त पायच शिल्लक असत. त्यांना लोक ‘आदिदास’ म्हणत, कारण ते पायांत घालायच्या परदेशी बुटांसारखे काउंटरवर मांडलेले असत. अंग निर्यातीला गेलेल्या कोंबडीचे पाय, मान आणि डोके यांच्या पुडीला ‘काटे-चमचे’ या अर्थाचा शब्द होता. रूपक आणि अर्थांतर यांची उदाहरणे आपण नेहमी कवितेत शोधतो. ही उदाहरणे उपाशी माणसांनी उणे तापमानात उभे राहून घडविली आहेत.

याच काळात जन्मलेला एक शब्दविनोद मला विशेष आवडतो. पार्तिदुल कोमुनिस्त रोमिन, म्हणजे रोमानियन साम्यवादी पक्ष, याची रोमानियन आद्याक्षरे ‘पे-चे-रे’. लोक त्यांचा विस्तार करीत : ‘पिले, कुनोश्तिंत्से, रेलात्सी’. (मराठी पिलांशी याचा संबंध नाही.) ‘पिला’ म्हणजे कानस, आणि बोलीभाषेत वशिला, दुसऱ्या शब्दाचा अर्थ ओळखी, तिसऱ्याचा संबंध. कानशीने जसा लोखंडाचा अडसर घासून मोकळा होतो, तसा वशिल्याने कामाचा. दवाखान्यातील खाट, मुलीची बदली, किलोभर मांस या साऱ्यांसाठी लोकांचा खरा पक्ष हाच होता. ‘केंट’ या परदेशी सिगारेटचे बंद पाकीट तर चलनासारखे हातोहात फिरे. पुष्कळदा ते कोणी फोडतच नसे.

फर्मानाची लेकरे

शब्दांच्या या कारागिरीत रमून एक गोष्ट नजरेआड होऊ नये, म्हणून येथे थोडे थांबू. ऑक्टोबर 1966 मध्ये 770 क्रमांकाचे फर्मान निघाले आणि गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. मोजके अपवाद होते. वयाची पंचेचाळीस वर्षे ओलांडलेली किंवा चार मुले वाढविलेली स्त्री त्यांत बसे. गर्भनिरोधक साधने बाजारात मिळेनाशी झाली. राष्ट्राला लोकसंख्या हवी होती. 1967 मध्ये जन्मांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर ती उतरू लागली, कारण स्त्रियांनी चोरून मार्ग शोधले; आणि त्या मार्गांवर त्या मेल्या. राजवटीच्या स्वतःच्या नोंदींवरून मोजलेला आकडा नऊ हजारांहून अधिक मृत्यूंचा आहे. 1980 च्या दशकात कारखान्यांत स्त्रियांची सक्तीची वैद्यकीय तपासणी होऊ लागली. अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्राव होत असलेली स्त्री रुग्णालयात आली की तिने कोणाकडून काय करून घेतले याचा जबाब आधी, उपचार नंतर, असेही घडत असे.

या काळात जन्मलेल्या मुलांना रोमानियन भाषेत ‘देक्रेत्सेय’ म्हणतात. ‘देक्रेत’ म्हणजे फर्मान; त्याला लाडिक, लघुत्वदर्शक प्रत्यय लावलेला आहे. आपण ‘बाळ’चे ‘बाळुल्या’ करतो तसा. फर्मानाची लेकरे. एका पिढीच्या नावातच राज्याचा हुकूम आणि आईची माया एकत्र बसलेली आहेत. असा दुसरा शब्द मला तरी कोणत्या भाषेत भेटलेला नाही. यांतील अनेक मुले नको असलेली म्हणून अनाथालयांत गेली. आणि 1989 च्या डिसेंबरात तिमिशोआरा व बुखारेस्टच्या रस्त्यांवर उतरले तेही बरेचसे याच पिढीचे तरुण होते.

सर्वनामे आणि संबोधने

मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून नाते कसे ठरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. रोमानियन भाषेतही मध्यमपुरुषी सर्वनामांच्या अशाच तीन पायऱ्या आहेत. परक्या माणसाला आदराने हाक मारण्यासाठी ‘दोम्न’ (स्त्रीला ‘दोआम्ना’) हा शब्द पूर्वीपासून होता. तो स्वामी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला. नव्या राज्यात स्वामी कोणी नसल्याने अधिकृत संबोधन ‘तोवाराश’ हे झाले. हा जुनाच शब्द, अर्थ सोबती. शाळेतील मुले बाईंनाही ‘तोवाराशा’ म्हणत. हेतू समतेचा होता. परंतु जे संबोधन पोलिसही वापरतो, दुकानदारीणही वापरते आणि राष्ट्राध्यक्षालाही लावले जाते, त्यात सोबत उरत नाही. परिणाम असा झाला की दार लावून घेतल्यावर शेजारी-शेजारी एकमेकांना हटकून ‘दोम्न’ म्हणत. स्वामी या अर्थाचा शब्द मोकळ्या माणसांचा झाला आणि सोबती या अर्थाचा शब्द भीतीचा. शब्दाचा अर्थ कोशात नसून वापरात असतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

एकाच भाषेची दोन रूपे दोन वेगळ्या प्रसंगी वापरली जातात, त्याला आपण भाषाद्वैत म्हणतो. येथील द्वैत केवळ शैलीचे नव्हते. सभेत एक भाषा, स्वयंपाकघरात दुसरी. आणि कोणती कोठे बोलायची हे लेकरांना शिकविणे हा आईबापांच्या काळजीचा विषय होता. मूल शाळेत चुकून स्वयंपाकघरातील वाक्य बोलले, तर संकट घरावर येई.

चाउशेस्कु पतिपत्नीची नावे घरात सहसा घेत नसत. ‘तो’ आणि ‘ती’ एवढे पुरे. आपल्याकडील जुन्या पिढीतील स्त्री नवऱ्याचे नाव न घेता ‘हे’ म्हणत असे. रचना तीच, भाव उलटा. तेथे सर्वनाम आदरासाठी नव्हते. भिंतींना कान होते म्हणून होते. गुप्त पोलीस संघटनेचे नाव ‘सेकुरिताते’, म्हणजे सुरक्षा. तिच्या माणसांना लोक ‘निळ्या डोळ्यांची पोरे’ म्हणत.

विनोदही याच स्वयंपाकघरात पिकले. थंड पाण्याहून थंड काय? गरम पाणी. मेणबत्तीच्या आधी आपण काय वापरत होतो? विजेचा दिवा. या विनोदांना ‘प्रतिकार’ म्हणण्याची अभ्यासकांत पद्धत आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. विनोद सांगितल्यावर माणूस हलका होऊन झोपी जात असे, आणि सकाळी उठून पाटी लावत असे. सत्तेला असा हलकेपणा काही अंशी सोयीचाच होता.

कागदावरचे शब्द

लिहिलेल्या शब्दाची गोष्ट मात्र वेगळी होती. 1983 च्या फर्मानानुसार प्रत्येक टंकलेखन यंत्राची पोलिसांकडे नोंद करावी लागे आणि त्याच्या अक्षरांचा नमुना दरवर्षी जमा करावा लागे, म्हणजे एखादे निनावी पत्रक सापडले तर ते कोणाच्या यंत्रावर उमटले हे ओळखता येईल. परदेशी माणसाशी झालेले बोलणे चोवीस तासांच्या आत वरिष्ठांना कळवावे लागे. 1985 पासून दूरचित्रवाणी दिवसाला जेमतेम दोन तास चाले आणि त्या दोन तासांतही बहुतेक ‘तो’ आणि ‘ती’च असत. बुखारेस्टमधील अनेकांनी छपरावर ॲन्टेना फिरवून शेजारच्या बल्गेरियाचे कार्यक्रम पाहिले आणि त्यापायी बल्गेरियन भाषेची तोंडओळख करून घेतली. सरकारच्या कंटाळवाणेपणामुळे शेजाऱ्याची भाषा शिकली गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

बुखारेस्टमधील स्थापत्य अभियंता आणि कवी गेओर्गे उर्सू हा वर्षानुवर्षे दैनंदिनी लिहीत असे. मनात आलेले, ऐकलेले, राजवटीविषयी वाटलेले त्यात असे. त्याच्या कार्यालयातील सहकाऱ्यांनी या वह्यांची खबर सेकुरितातेला दिली. सप्टेंबर 1985 मध्ये त्याला अटक झाली; नोव्हेंबरमध्ये कोठडीतील मारहाणीने तो मरण पावला. अटकेसाठी पुढे केलेले कारण दैनंदिनीचे नव्हते. घरात सापडलेल्या किरकोळ परकीय चलनाचे होते. वहीचे नाव गुन्हा म्हणून घेणे म्हणजे वहीत काहीतरी खरे होते हे मान्य करणे.

क्लुज विद्यापीठात फ्रेंच शिकविणाऱ्या दोइना कोर्नेआ यांनी 1982 मध्ये एक पत्र लिहून ते रेडिओ फ्री युरोपपर्यंत पोहोचविले. ज्यांनी विचार करणे अजून सोडलेले नाही अशांना उद्देशून ते पत्र होते, आणि त्याचा रोख शिक्षकांवर होता : ज्यावर तुमचा स्वतःचा विश्वास नाही ते विद्यार्थ्यांना शिकवू नका. 1983 मध्ये त्यांची नोकरी गेली. मी स्वतः तीस वर्षे शिकविण्याचा व्यवसाय केला आहे. अभ्यासक्रमात आहे म्हणून मी कधी विश्वास नसलेले काही शिकविले नाही, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. म्हणून या पत्राचा उल्लेख करताना मला नेहमी किंचित संकोच वाटतो.

तिसरे उदाहरण हेर्टा म्युलर यांचे. बानात प्रांतातील जर्मनभाषक खेड्यात 1953 मध्ये जन्मलेल्या या लेखिकेला 2009 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या स्वीकारप्रसंगीच्या भाषणात त्यांनी सांगितलेली हकिकत आपल्या विषयाला फार जवळची आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्या एका यंत्र-कारखान्यात अनुवादक होत्या. सेकुरितातेचा माणूस आला आणि त्यांना कागदावर मजकूर सांगू लागला. नाव, जन्मतारीख, पत्ता असे लिहिता लिहिता एक क्रियापद आले : ‘कोलाबोरेझ’, म्हणजे ‘मी सहकार्य करते’. तेथे त्यांनी लेखणी खाली ठेवली.

मघाशी आपण म्हटले की लाकडी भाषेला ‘मी’ चालत नाही. हा अपवाद पाहा. राज्याला प्रथमपुरुषी एकवचन एकाच ठिकाणी हवे होते : खबऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात. रोमानियन क्रियापदात मराठीप्रमाणेच पुरुष आणि वचन प्रत्ययातून व्यक्त होतात. ‘मी’ वेगळा लिहिला नाही तरी तो क्रियापदाच्या शेवटी बसलेलाच असतो. म्युलर यांना ते रूप लिहिता आले नाही. परिणाम ओळखीचे आहेत. त्यांची कार्यालयातील खोली काढून घेण्यात आली. काही दिवस त्या कारखान्याच्या जिन्यावर हातरुमाल अंथरून, शब्दकोश मांडीवर घेऊन काम करीत राहिल्या. आणि सहकाऱ्यांत अशी अफवा पसरविली गेली की त्याच खबऱ्या आहेत. पुढे नोकरी गेली. 1987 मध्ये त्यांनी देश सोडला.

सज्जावरील ‘आलो’

16 डिसेंबर 1989 रोजी तिमिशोआरा येथे एका हंगेरियनभाषक धर्मोपदेशकाला घराबाहेर काढण्यावरून लोक जमले. दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. 21 डिसेंबरला चाउशेस्कुने बुखारेस्टमध्ये पक्षाच्या केंद्रीय इमारतीसमोर मोठी सभा भरविली. कारखान्यांतून माणसे आणली गेली, फलक दिले गेले, दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण सुरू झाले. त्याने नेहमीप्रमाणे संयोजकांचे आभार मानून सुरुवात केली. थोड्याच वेळात गर्दीच्या एका बाजूने गलका उठला. तो थांबला. त्याचा चेहरा पडद्यावर क्षणभर पूर्ण रिकामा दिसतो. आजही ते चित्रण पाहता येते. मग तो ध्वनिक्षेपकात म्हणू लागला : ‘आलो! आलो!’

हा शब्द रोमानियन माणूस टेलिफोनवर वापरतो. पलीकडचा आवाज ऐकू येईनासा झाला, की आपण ‘हॅलो, हॅलो’ करतो तसा. चोवीस वर्षे जो एकतर्फी बोलत होता, त्याला पहिल्यांदाच जाणवले की या संवादाला पलीकडची बाजू आहे आणि ती तुटली आहे. प्रक्षेपण काही मिनिटे खंडित झाले. पुन्हा सुरू झाले तेव्हा तो किमान वेतन 2,000 लेईवरून 2,200 करण्याचे आश्वासन देत होता. लाकडी भाषेतून तो प्रथमच साध्या आकड्यांवर उतरला होता. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला. 25 डिसेंबरला घाईघाईच्या खटल्यानंतर पतिपत्नींना गोळ्या घालण्यात आल्या. गर्भपातबंदीचे फर्मान नव्या सत्ताधाऱ्यांनी लगोलग रद्द केले.

1999 च्या कायद्याने सेकुरितातेच्या फायली ज्यांच्याविषयी त्या होत्या त्यांना वाचता येऊ लागल्या. खबऱ्याच्या टिपणांची शैली ठरलेली आहे. तो स्वतःविषयी ‘मी’ म्हणत नाही. ‘स्रोताने’ अमुक ऐकले, ‘स्रोता’ला तमुक वाटते, असे तृतीयपुरुषी लिहितो. खाली टोपणनाव. प्रतिज्ञापत्रात एकदाच लिहिलेला ‘मी’ त्यानंतर टिपणांतून गायब होतो. आज वाचनालयाच्या टेबलाशी बसलेली व्यक्ती तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच स्वयंपाकघरात उच्चारलेले वाक्य तेथे वाचते, त्या संध्याकाळी कोण कोण जेवायला होते ते आठवते, आणि हस्ताक्षरावरून, एखाद्या लकबीवरून, नेहमी चुकणाऱ्या एखाद्या शब्दावरून त्या वाक्याचा कर्ता शोधू लागते.

स्वाध्याय

आपल्या घरातील किंवा परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून टंचाईच्या काळातील, उदाहरणार्थ 1972 च्या दुष्काळातील, आठवणी ऐका आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. धान्य, रॉकेल, पाणी यांच्यासंबंधी त्यांनी वापरलेली क्रियापदे वेगळी काढा. कोणत्या वाक्यांत कर्ता आहे आणि कोणत्या वाक्यांत नाही, ते नोंदवा. त्यानंतर कोणतेही एक शासकीय परिपत्रक घेऊन त्यातील पाच वाक्ये कर्तरी प्रयोगात लिहून पाहा. ज्या वाक्याला कर्ता सापडला नाही, ते तसेच ठेवा आणि संपर्कसत्राला येताना सोबत आणा.